मामीची दाढ आणि आमचा पेपर

गेल्या काही वर्षांत वऱ्हाडात जेवढे दुष्काळ पडले, जेवढ्या गारपिटी झाल्या, कपाशीवर जेवढ्या अळ्या आल्या, त्या सगळ्यांना मिळून चेहरा एकच होता आणि तो माझ्या मामीचा होता. तुम्हीही तो पाहिला असणार. काळं वावर, मागं कपाशीची वाळकी पऱ्हाटी, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उकिडवी बसलेली एक बाई, गालाला हात, डोळ्यांत पाणी, नजर कुठंतरी लांब. खाली ओळ, 'आता जगायचं कसं? हताश होऊन आभाळाकडे पाहणारी शेतकरी महिला.' ती महिला म्हणजे आमची मामी. आता मामीला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, हताश होणं हे काम तिनं स्वतः कधी केलेलं नाही. ते ती समोरच्या माणसाकडून करून घेते. तिच्याशी भावावरून हुज्जत घातलेला व्यापारी, तिला फवारणीचं औषध खपवायला आलेला एजंट, तिचं वीजबिल तिला समजावून सांगायला बसलेला कर्मचारी, हे सगळे हताश झालेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. पण त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत.

मामी मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका खेड्यात राहते. मी अकोल्याला एका दैनिकात उपसंपादक आहे, म्हणजे दुसऱ्यानं ऐकलेलं आणि तिसऱ्यानं लिहिलेलं मी चौथ्यासाठी नीट करून देतो. आमच्याकडे भाच्याचा मान मोठा. मामा-मामी वयानं कितीही मोठे असोत, भाचा दारात आला की त्यांनी त्याच्या पाया पडायचं आणि त्याला अरेतुरे करायचं नाही. मामीनं ही रीत कधी मोडली नाही. मी अंगणात पाऊल टाकलं की ती हातातलं काम टाकून, पदर डोक्यावर घेऊन माझ्या पाया पडते आणि उठता उठता सुरू करते, "भाचेबुवा, तुमी पार बह्याड झाले काय हो?" इतक्या आदरानं माझा इतका अपमान दुसऱ्या कुणी केलेला नाही. एकदा त्यांच्या गावच्या नाल्यावरचा पूल दुरुस्त झाल्याची बातमी आमच्या पेपरात आली. मामी पाया पडली आणि म्हणाली, "तो पूल तुमी सोता पायला काय?" मी म्हणालो, "मामी, प्रेसनोट आली होती." "म्हंजे नाई पायला." "अधिकाऱ्यानं पाह्यला असंन ना." "त्यानं पायला का नाई, हे तुमी पायलं काय?" मग तिनं मला जेवायला वाढलं आणि जेवण झाल्यावर हाताला धरून नाल्यावर नेलं. पूल होता तसाच होता, फक्त त्याच्या कठड्याला नवा रंग दिलेला होता.

तर त्या फोटोची खरी हकीकत अशी, की त्या आठवड्यात मामीची दाढ ठणकत होती. गाल सुजला होता. लवंग दाबून झाली, हिंग भरून झाला, शेजारणीच्या सांगण्यावरून तंबाखूसुद्धा धरून झाला. शेवटी दवाखान्यात जायचं ठरलं, तर मामा फटफटीत पेट्रोल भरून आणतो म्हणून मूर्तिजापूरला गेले ते गेलेच. मामांना रस्त्यात चहा पाजणारं कुणीही भेटलं की ते थांबतात, आणि वऱ्हाडात चहा पाजणारी माणसं फार. मामी वाट पाहून कंटाळली आणि वावरात जाऊन धुऱ्यावर बसली, कारण तिथून फाटा दिसतो. ती आभाळाकडे पाहतच नव्हती. ती फाट्याकडे पाहत होती, आणि मामा आले की त्यांना काय काय ऐकवायचं याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत होती. तेवढ्यात रस्त्यानं जाणारी एक जीप थांबली. अमरावतीहून निघालेला आमच्याच पेपरचा छायाचित्रकार खाली उतरला, लांबूनच दोन-चार फोटो काढले आणि गेला. एका शब्दानं काही विचारलं नाही. मामीला वाटलं, टॉवरसाठी जागा पाहणारा कुणी असेल. त्या दिवशी संध्याकाळी शेवटी मीच तिला अकोल्याच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. दाढ निघाली. डॉक्टरांनी ती बाजूच्या भांड्यात टाकली, तर मामी तोंडात कापूस धरून त्या भांड्याकडे बोट करून उभी. "काय पाहिजे बाई?" डॉक्टरांनी विचारलं. तिनं कापूस काढला आणि म्हणाली, "माही हाये. मले द्या." घरी आल्यावर ती दाढ तिनं कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली. कशाला ठेवतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "राहू द्या. कवा ना कवा कामी पडंन."

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला तेव्हा मी ऑफिसात चहा घेत होतो. त्या चहाचा जो ठसका लागला तो अजून आठवतो. मी पेपर घेऊन संपादकांकडे धावलो. "साहेब, ही माझी मामी आहे. हिची दाढ दुखत होती." संपादकांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चेहरा काय बोलतो हो!" "साहेब, तोंड सुजलंय तिचं." "तेच म्हणतोय मी. केवढी वेदना!" तो फोटो आमच्या संगणकात गेला आणि तिथं ठाण मांडून बसला. 'दुष्काळ' टाकलं की मामी, 'गारपीट' टाकलं की मामी, 'बोंडअळी' टाकलं की सगळ्यांच्या आधी मामी. मी तो काढून दुसरा लावायचो, माझी पाळी संपली की पुढचा माणूस परत मामीला आणायचा. एका वर्षी तर अतिवृष्टीच्या बातमीला ती लागली, मागं वाळकी पऱ्हाटी तशीच ठेवून. मामीनं पेपर पाहिला आणि मला फोन केला, "भाचेबुवा, एवढ्या पान्यात मी कोरडीठाक कशी हो?"

तोवर ती हसण्यावारी नेत होती. मग एकदा लांबच्या कुठल्याशा मोठ्या शहरातल्या पेपरानं रविवारच्या पुरवणीत तोच फोटो छापला आणि खाली लिहिलं, 'पतीच्या मागे संसाराचा गाडा एकटीनं ओढणारी वऱ्हाडातील माउली.' झालं! मामा गेले. चांगले अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते आणि लोक मामीला भेटायला येऊ लागले. मामीचा एक चुलतभाऊ धारणीकडे मास्तर आहे. तिकडचे रस्ते म्हणजे सांगायलाच नको. बिचारा आधी जीप, मग बस, मग पुन्हा बस असा दिवसभर हाडं खिळखिळी करून घेत आला आणि फाटकापाशीच त्यानं हंबरडा फोडला. मामा शेंगा खाली ठेवून उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं बाप्पा?" मास्तरानं डोळे पुसत वर पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, तुमीच."

मामा यावर आठवडाभर हसत होते. मामी हसली नाही. मी गेलो तेव्हा ती पाया पडली आणि तिथंच खाली बसून राहिली. "भाचेबुवा," ती म्हणाली, "माहा मानूस जिता हाये, अन् तुमच्या धंद्यानं माह्या कपाळाचं कुकू पुसलं. अन् ज्या घरी खरंच झालं तथी कोन गेलं? पल्याडच्या गावात त्या मालनचा नवरा गेला. तिच्या दारात एक बी पेपरवाला नाई आला. तिचं दुख तिच्यापाशी, अन् साऱ्या जगाले माह्या दाढेचं रडू! हा फोटो बंद झाला पायजे. माहं तोंड मले वापस पायजे." हे सगळं ती अगदी हळू आवाजात म्हणाली. मामीचा आवाज चढलेला असतो तोवर काळजीचं कारण नसतं, तो खाली आला की भ्यावं. मी म्हणालो, आमच्या पेपराला एक पत्र लिहू. ती म्हणाली, "पेपराचं गाऱ्हानं पेपरालेच सांगू काय? राहू द्या. मी पाहतो माहं."

मूर्तिजापूरला स्टेशनच्या रस्त्यावर रशीदभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आधी ते लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे, आणि पाठवणीच्या वेळी नवरीपेक्षा जास्त स्वतःच रडायचे म्हणून तो धंदा सोडून या धंद्यात आले. मामांचे ते चहाचे दोस्त. मामी मामांना सोबत घेऊन तिथं गेली, आपला फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "रशीदभाई, मले टीव्ही पायजे." रशीदभाई म्हणाले, "भाभी, मैं तो मोबाइल का काम करता. टीव्ही बाजूवाले के पास मिलेगा." "घ्याचा नाई. चालू कराचा हाये. माहा सोताचा." रशीदभाईंनी सगळं ऐकून घेतलं, फोटोची हकीकत ऐकून जरासे रडलेही, आणि त्याच बसल्या जागी मामीचं चॅनल उघडून दिलं. मामीनं फोन हातात घेतला तो उभा, आणि अंगठा बरोबर काचेवर. "भाभी, आडा पकडो ना," रशीदभाई कळवळून म्हणाले, "खडा पकडोगे तो आधे भाईसाब कट जाते." पहिला व्हिडिओ त्या दुकानातच झाला. मामी म्हणाली, "राम राम. तुमी मले पेपरात पायलं हाये. मी हताश नाई. माही दाढ दुखत होती." मग तिनं कुंकवाची डबी उघडली, दाढ चिमटीत धरली आणि पुढं केली. "हे पाहा दाढ. अन् हे पाहा आमचे हे." फोन मामांकडे वळला. मामा बशीत ओतून चहा पीत होते. "जिते हायेत," मामी म्हणाली आणि व्हिडिओ संपला.

तेव्हापासून रीतच पडली. विषय सोयाबीनच्या भावाचा असो, शकुंतला नावाची आमची छोटी आगगाडी बंद पडल्याचा असो की पांदण रस्त्यातल्या चिखलाचा, सुरुवातीला मामा जिवंत असल्याचं दाखवायचं. "हे पाहा आमचे हे. जिते हायेत." मामा कधी चहा पिताना, कधी दाढी करताना, एकदा तर खाटेवर गाढ झोपलेले. त्या दिवशी मामीनं तुरीच्या काडीनं टोचून त्यांना हलवून दाखवलं. मामा कॅमेऱ्याकडे पाहून काही बोलल्याचं मला एकदाच आठवतं. ते म्हणाले, "साखर कमी हाये." लोकांना मामा इतके आवडले, की मामी मुद्द्यावर आली की काहीजण खाली लिहायचे, मामांना अजून थोडं दाखवा. मामीला हे मुळीच खपायचं नाही. "ह्याईनं अख्ख्या जल्मात एक बातमी नाई देल्ली, अन् लोकाईले हेच पायजेत!"

बाकी तिचा कारभार रोखठोक. जिथली गोष्ट तिथं जाऊन उभं राहायचं आणि पाहिलं तेवढंच बोलायचं. एकदा मात्र पाहूनही फसली. दिवस मावळताना तिला तुरीत काहीतरी पट्ट्यापट्ट्याचं हललेलं दिसलं आणि तिनं जाहीर करून टाकलं, सेमाडोहच्या जंगलातला वाघ आमच्या तुरीत शिरला. आजूबाजूच्या गावांत दारं लागली, वेचणीला बाया येईनात. सकाळी पाहतात तर शेजाऱ्याचा अंगावर पट्टे असलेला बांडा गोऱ्हा. दुसरं कुणी असतं तर विषय बदलला असता. मामीनं त्या गोऱ्ह्याला नाल्यावर नेऊन धुतलं, पुसलं आणि कॅमेऱ्यापुढं उभं केलं. "राम राम. हे पाहा आमचे हे, जिते हायेत. अन् हा पाहा कालचा वाघ. चूक माही. काल जेवढा येळ तुमाले भेवाडलं, तेवढाच येळ आज याले पाहा." आणि खरोखर तेवढा वेळ तिनं गोऱ्हा दाखवला. तो नुसता रवंथ करत उभा होता. लोकांनी शेवटपर्यंत पाहिला.

मालनकडेही ती गेली, जिचा नवरा खरंच गेला होता. पहिल्या दिवशी फोन पिशवीतून बाहेर काढलाच नाही. दोघींनी चुलीपाशी बसून भाकर खाल्ली. निघताना मामीनं विचारलं, "बाई, तुले लोकाईले काय दाखवाचं हाये?" मालन म्हणाली, पिठाची गिरणी टाकली आहे, पण लोक यायला अवघडतात. दारात आले की चेहरा पाडतात, हळहळतात आणि दळण न टाकताच जातात. मामीनं गिरणीचा व्हिडिओ केला. फिरणारा पट्टा, गरम पीठ, मालनचे कोपरापर्यंत पांढरे झालेले हात, आणि शेवटी मामीचा हुकूम, "हळहळाले येत असान तर घरीच राहा. दळन घेऊन येत असान तर या." मालनचं दुःख त्यात कुठं नव्हतं, कारण तिनं ते दाखवायला सांगितलं नव्हतं. भोवतालच्या गावांची दळणं तिच्याकडे जाऊ लागली. मी इतकी वर्षं पेपरात आहे, किती बातम्या हाताखालून गेल्या याला गणती नाही, पण एखाद्या बातमीनं कुणाची गिरणी चालू लागलेली मला आठवत नाही. मामीचा मला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवून ठेवणार नाही.

पण तिचा मूळ हट्ट होता तो फोटो बंद करण्याचा, आणि तो काही बंद होईना. मग ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कपाशीचा सत्यानाश केला, त्या वर्षी मुंबईहून एका वाहिनीची गाडी गावात आली. त्यांच्याजवळ तोच फोटो होता. माईक घेतलेली एक तरतरीत मुलगी आणि एक कॅमेरावाला मामीच्या अंगणात उभे राहिले. मी सुटीवर होतो आणि तिथंच होतो, म्हणून हे छातीठोकपणे सांगतो. मुलगी म्हणाली, "मावशी, जरा तसंच बसाल का? फोटोतल्यासारखं, गालाला हात लावून?" मामी म्हणाली, "दाढ नाई दुखून राह्यली आता." मुलगी गोंधळली. "नाही, पण कापूस गेल्याचं दुःख आहेच ना, मावशी?" "हाये ना! वावरात चाला. बोंडं फोडून दाखवतो. बियानं कोनतं होतं, कोनी देल्लं, पंचनाम्याले कोन आलं अन् कोन नाई आलं, समदं सांगतो." "एवढा वेळ नसतो हो आमच्याकडे. दोन वाक्यांत सांगा, आणि रडू आलं तर थांबवू नका." "अस्सं काय?" मामी म्हणाली. "थांबा मंग उलीशाक." तिनं कमरेचा फोन काढला, आडवा धरला आणि सुरू केलं. "राम राम. हे पाहा आमचे हे, जिते हायेत. अन् हे मुंबईचे पावने. हे मले रडवाले आले हायेत. दोघं बी चांगल्या घरचे दिसतात. च्या पेऊन राह्यले." कॅमेरावाल्याच्या हातात खरंच कप होता, तो त्यानं घाईनं मागं लपवला. मग मामी बोलत बोलत वावरात शिरली, मागोमाग ते दोघे, आणि तिनं एकेक बोंड फोडून आतली गुलाबी अळी तळहातावर घेऊन दाखवली. त्या मुलीनं अळी पहिल्यांदाच पाहिली असावी. ती माईक विसरून मातीत बसली आणि खरे प्रश्न विचारू लागली. मला ती पोरगी आवडली.

संध्याकाळी वाहिनीवर जे दाखवलं त्यात यातलं काहीच नव्हतं. मामीचा आवाज काढून टाकलेला, मागं बासरी, आणि एक भारदस्त गृहस्थ सांगत होते की या माउलीचे अश्रूही आता आटले आहेत. पण मामीचा व्हिडिओ तर सकाळीच जाऊन बसला होता! लोकांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले. अकोल्यात पानठेल्यावर, अमरावतीत बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, जिकडे तिकडे मामी. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तर ऑफिसात शिपायापासून सगळे फोनवर वाकलेले, आणि त्यांच्या मागं उभे राहून संपादकही पाहत होते. मला लोक आधी पेपरवाला म्हणून ओळखायचे, तेव्हापासून दाढवाल्या मामीचे भाचे म्हणून ओळखतात. माझी छाती तिथंच ऑफिसात फुगली, खोटं कशाला सांगू!

संपादकांनी मला आत बोलावलं. "त्या तुमच्या मामी... आपण त्यांचा खुलासा छापू. आतल्या पानावर चार ओळी." मी मामीला फोन लावला. ती म्हणाली, "फोटो केवढा छापला होता?" मी म्हणालो, "मोठा होता." "मंग खुलासा बी तेवढाच पायजे. म्या गोऱ्हा किती येळ दाखवला होता?" हे संपादकांना समजावून सांगायला मला गोऱ्ह्याची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली. शेवटी ते स्वतःच गाडी काढून मामीकडे आले. मामीनं त्यांना खाटेवर बसवलं, मामांच्या शेजारी, चहा दिला आणि विचारलं, "साहेब, तुमी माहा फोटो छापत होते, तवा मले कवा पायलं होतं काय?" संपादक खाली मान घालून म्हणाले, "नाही." "आता पायलं ना? मंग आता छापा." जुना फोटो त्या दिवशी आमच्या संगणकातून कायमचा गेला, आणि पहिल्या पानावर तेवढाच मोठा खुलासा आला, 'त्या महिलेची दाढ दुखत होती'. सोबत नवा फोटो, मामी आणि मामांचा. खुलासा येणार या आनंदात गावानं आदल्या दिवशीच दोघांचा सत्कार केला होता, रशीदभाईंनी झेंडूचे हार आणले होते. फोटोत मामी चांगली दात काढून हसते आहे. मामांचे मात्र नेमके त्या क्षणी डोळे मिटले. गळ्यात एवढा मोठा हार आणि डोळे बंद! सकाळपासून पुन्हा फोन सुरू. धारणीचे मास्तर या वेळी आले नाहीत. त्यांनी सरळ मामांनाच फोन केला, "भाऊजी, खरंच गेले काय?" मामा म्हणाले, "अजून नाई."

आता अवकाळी पाऊस आला, कुठं पीक झोपलं की आमचे संपादक पहिल्यांदा विचारतात, "मामींनी काही टाकलंय का?" आम्ही ते पाहतो आणि मग आमचा माणूस तिथं पाठवतो. पाठवतो हे महत्त्वाचं. पूर्वी आम्ही संगणकातला फोटो काढायचो.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. खरंच गेले. सकाळी खाटेवर उठून बसले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत. मास्तरांचा फोनवर विश्वास बसेना, दोनदा फसले होते बिचारे. ते आले, फाटकापाशी उभे राहिले, खाट पाहिली आणि नुसतेच खाली बसले. रशीदभाईंना आवरता आवरेना. मामी सगळ्यांना चहा-पाणी विचारत होती, कोण कुठं झोपणार ते ठरवत होती, तेरवीच्या स्वयंपाकात मीठ कमी आहे म्हणून आचाऱ्याशी भांडत होती. तेरवी झाली, पाहुणे गेले, मीही अकोल्याला परतलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसलो असताना तिचा व्हिडिओ आला. "राम राम. हे पाहा आमचे..." फोन सवयीनं खाटेकडे वळला. खाट उभी करून भिंतीला लावलेली होती. फोन तिथं थोडा वेळ तसाच राहिला. मग मामी म्हणाली, "आज हे नाईत," आणि तुरीवर पडलेल्या अळीबद्दल बोलायला लागली. पूर्ण बोलली. आवाज कुठं हलला नाही. मी संपादकांना सांगितलं आणि सरळ बस पकडली.

घरी ती नव्हती. मी वावरात गेलो. त्याच धुऱ्यावर, त्याच जागी ती उकिडवी बसली होती. गालाला हात, डोळ्यांत पाणी, नजर फाट्याकडे. माझी चाहूल लागली तरी उठली नाही, पाया पडली नाही. असं आजवर कधी झालेलं नव्हतं.

"मामी?"

"दाढ दुखून राह्यली," ती म्हणाली.

ती दाढ डबीत आहे, साऱ्या वऱ्हाडानं पाहिलेली आहे. मी तिच्या बाजूला बसलो. फाट्यावर एक फटफटी आली आणि न वळता सरळ निघून गेली. फटफटीचा आवाज ऐकू येईनासा झाला तेव्हा मामीनं पदरानं तोंड पुसलं.

"भाचेबुवा, तुमी सोता पायलं ना?"

"पाह्यलं, मामी."

"मंग लिवा. फोटो नका काहाडू."

म्हणून हे लिहिलं.